दीड तासाचंच आहे!

सर्दीवर काढा सुचवणाऱ्याची एक अट असते : समोरच्याला निदान सर्दी झालेली हवी. ज्ञान सुचवणाऱ्याला एवढंही बंधन नाही. कात्रजला आमच्या सोसायटीत असे एक निवृत्त गृहस्थ आहेत. सकाळी दुधाची पिशवी आणायला खाली उतरावं, तर हे जिन्यात हजर.

"काय हो, कृष्णविवरांवरचं ते व्याख्यान ऐकलंत का? फोनवर पाठवलंय. दीड तासाचंच आहे!"

हा 'च' फार घातक. त्याच्या मागोमाग महागाईवर दोन तास, निवडणुकांवर चार भाग आणि गायकीच्या घराण्यांवर एक माहितीपट. झोप सोडली तरी माझ्याकडे त्यांची थकबाकी राहणारच.

एकदा मी विचारलं, "त्या कृष्णविवराचं शेवटी काय होतं हो?"

गृहस्थ थबकले. "मी कुठे ऐकलंय अजून? पण चांगलं आहे म्हणतात."

आता, स्वतः न चाखलेलं दुसऱ्याच्या पानात वाढावं का, हा नीतीचा प्रश्न आहे. पेशव्यांनी अठराव्या शतकात आमच्या कात्रजच्या तलावाचं पाणी भुयारी नळाने थेट शनिवारवाड्यापर्यंत नेलं, पण वाटेत गाळ खाली बसायची सोय ठेवून! उचललं आणि पुणेकरांच्या हौदात ओतलं, असं केलं नाही. सुचवणाऱ्याने निदान तेवढं करावं, हे मी त्यांना ऐकवणारच होतो. तेवढ्यात ते हळूच म्हणाले, "एकट्याने ऐकवत नाही हो. नंतर बोलायचं कुणाशी?"

माझा मुद्दा घशातच राहिला.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिथे 'चला' म्हणणारा शेजारच्या खुर्चीत येऊन बसतो. वक्ता रंगला तर दोघांचा फायदा, लांबला तर जांभया दोघांना. परतताना वादही फुकटात. १९८८ सालापासून दूरदर्शनवर 'भारत एक खोज'चे त्रेपन्न भाग दाखवले, तेव्हाही 'बघा' म्हणणारा त्याच वेळी टीव्हीपुढे बसलेला असायचा. दुसऱ्याचा वेळ मागायचा, तर आपलाही तेवढाच द्यावा लागे. फोनने नेमकी ही किंमत माफ केली, आणि शिफारशी स्वस्त झाल्या.

तेव्हा माझं मत असं, की 'ऐका' म्हणायचा हक्क कुणालाच नसावा. 'चला, ऐकू' म्हणायचा सर्वांना असावा. मग कृष्णविवर असो की महागाई, चहा कुणाकडे एवढंच ठरवायचं राहतं.