मूळ प्रत जागेवरच आहे, मग चोरी कसली?

मगरिबच्या नमाजनंतर मुरूडच्या एका तरुणाने मला विचारले, “मौलाना, टोपलीतली सुरमई उचलली तर कोळणीची टोपली रिकामी होते. पण संकेतस्थळावरून चित्रपट उतरवून घेतला, तर मालकाचे काय कमी होते?” तो मोबाइलचे दुकान चालवतो आणि गिऱ्हाइकांना मेमरी कार्डे भरून देतो. प्रश्न त्याच्या भाकरीचा होता.

वाचक बंधुभगिनींनो, चित्रपट पाहावा की नाही, हा वेगळा विषय. येथे प्रश्न हक्काचा आहे. धन म्हणजे केवळ हातात धरता येणारी वस्तू काय? आपण कोकणी मुस्लिम बहुतांशी शाफई. शाफई फिकहमध्ये वस्तूपासून मिळणारा लाभ, म्हणजे मनफअत, हेही धनच आहे. भाडे बुडवणारा घराची भिंत उचलून नेत नाही. तरी तो दुसऱ्याचा हक्क खातो. ज्ञानाचा व्यापार होऊ नये, या भावनेने काही विद्वानांनी लेखकाच्या हक्कास हरकत घेतली होती. परंतु १९८८ साली कुवेत येथील अधिवेशनात आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने हा हक्क शरीअतसंमत ठरवला. घाम वाळण्यापूर्वी मजुरी द्यावी, ही प्रेषितांची (स.) शिकवण लेखणीच्या श्रमालाही लागू आहे.

देशाचा कायदाही स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाच्या कलम ६३ नुसार जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. शिवाय फुकटच्या फाइलीसोबत घातक प्रोग्राम मोबाइलमध्ये शिरतो आणि बँकेतील ठेव धोक्यात येते. पण पकडले जाण्याची भीती हा सचोटीचा पाया नव्हे. बंद खोलीतही अल्लाह पाहतो, ही जाणीव हा तिचा पाया आहे.

मीही निर्दोष नाही. मदरशात असताना एका नव्या शब्दकोशाची पीडीएफ प्रत मी सहाध्यायांना वाटली आणि ते पुण्य समजलो. अल्लाहचा हक्क तौबेने माफ होतो. माणसाचा हक्क त्याला परत करावा लागतो. पुढे तो कोश मी विकत घेतला. वाटलेल्या प्रतींचा हिशेब मात्र अजून माझ्या मानेवर आहे.

वैध मार्ग बंद नाहीत. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी साहित्य सर्वांसाठी खुले होते. १९५० साली निवर्तलेल्या साने गुरुजींची ‘श्यामची आई’ आज कोणीही निःशंकपणे उतरवून घ्यावी.

“गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल,” तो तरुण म्हणाला. कदाचित जाईलही, खोटा दिलासा मी त्याला दिला नाही. एवढेच म्हणालो की, घटलेली हलाल कमाई मुलांच्या ताटात निर्धास्तपणे वाढता येते. अल्लाह त्याला आणि आपणा सर्वांना हे बळ देवो. आमीन.