नानीच्या हातातले दांडके

एखाद्या मुलाचे भले कशात आहे हे ठरवायचा हक्क कुणाचा? आई-बापाचा, समाजाचा, सरकारचा, की थोडाफार त्या मुलाचाही? प्रश्न वरवर सोपा वाटतो. पण पाच-सहा मिनिटांचा एक लघुपट पाहिला आणि तेव्हापासून तो आमची पाठ सोडत नाही.

लघुपटाचे नाव 'नाना'. साल २००७. दिग्दर्शक वॉरविक थॉर्नटन हे मध्य ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्जचे, तिथल्या आदिवासी समाजातले. इंग्रजीत आजीला लाडाने 'नाना' म्हणतात. आमच्या घरांत आईची आई ती नानी, म्हणून आम्हीही तिला नानीच म्हणू. एक लहान मुलगी आपल्या नानीबद्दल बोलते, एवढीच गोष्ट. नानी चित्रे छान काढते, रानात शिकार करते, म्हाताऱ्याकोताऱ्यांची काळजी घेते. शिवाय वस्तीत चोरून दारू आणणाऱ्यांची रात्री वाट अडवून ती आणि तिची साथीदारीण त्यांना दांडक्यांनी चोप देतात. नात हे सगळे कौतुकाने सांगते. तिच्या लेखी यात दुःख नाही, लाज तर नाहीच. नानी आहे, म्हणजे सगळे ठीक आहे.

फेब्रुवारी २००८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात या लघुपटाला 'क्रिस्टल बेअर' पुरस्कार मिळाला. तो देणारे परीक्षक मंडळ मुलांचेच होते. एका मुलीची साक्ष दूर देशीच्या मुलांनी ग्राह्य धरली, ही गोष्ट आम्हाला मोठी वाटते. कारण अशा मुलांची साक्ष मोठ्यांच्या कचेरीत फार क्वचित नोंदवली गेली आहे.

त्या देशात आदिवासींवर नेमलेल्या अधिकाऱ्याचा हुद्दाच 'प्रोटेक्टर' म्हणजे संरक्षक असा होता. या संरक्षकांच्या अमलात हजारो मुले आईच्या कुशीतून उचलली गेली. १९१० ते १९७० या काळात दर दहांपैकी एक ते दर तिघांपैकी एक आदिवासी मूल असे नेले गेले, असा अंदाज १९९७ च्या चौकशी अहवालाने दिला. अ‍ॅलिस स्प्रिंग्जमध्येच मिश्र रक्ताच्या मुलांसाठी पत्र्याच्या छपराखाली एक सरकारी संस्था होती. तिचे नाव 'द बंगलो'. आपल्याकडचाच शब्द एवढा प्रवास करून तिथे पोचला आणि कोंडवाड्याच्या दारावर जाऊन बसला! थॉर्नटन यांच्या आई फ्रेडा ग्लिन यांच्या बालपणाशीही ही संस्था जोडलेली आहे. आणि हे सारे झाले ते मुलांच्या भल्यासाठी.

आमच्या मातीला हे अनोळखी नाही. इंग्रजांच्याच राजवटीत १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. १८९७ च्या दुरुस्तीने त्या जमातींची मुले आई-बापांपासून तोडून सुधारगृहात ठेवायची मुभा सरकारला मिळाली. पुढे हा कायदा मुंबई इलाख्यात आला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली. तिथेही शब्द होता 'सुधारणा'.

यावर कुणी विचारील, मग मुलांचे हाल होत असताना सरकारने हात बांधून बसावे काय? हा सवाल रास्त आहे. जून २००७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तर प्रांतातल्या आदिवासी वस्त्यांत मुलांवर होणाऱ्या अत्याचारांचा अहवाल प्रसिद्ध झाला. तो खोटा नव्हता. मात्र त्याची पहिलीच शिफारस अशी होती, की जे काही कराल ते या लोकांशी खरोखरची सल्लामसलत करून करा. काही दिवसांतच केंद्र सरकारने वस्त्यांत लष्कर धाडले, दारूबंदी लादली, लोकांच्या सरकारी भत्त्यांचा काही भाग रोखून धरला. वंशभेदविरोधी कायदा या उपायांपुरता बाजूला ठेवण्यात आला. आणि ज्या वस्त्यांवर दारूबंदी लादली, त्यांपैकी कित्येकांनी ती आधीच आपखुशीने केलेली होती!

नानीचे दांडके इथे आठवते. वस्तीत दारू आहे, हे लघुपट लपवत नाही. पण तिच्याविरुद्ध कुणीतरी आधीपासून उभे आहे, हेही तो दाखवतो. बाहेरून येणाऱ्याला दारू दिसते, नानी दिसत नाही. मदत करू नये असे आमचे म्हणणे नाही. मदतीला जाणाऱ्याने आधी विचारावे, की या मुलाला आजवर कुणी सांभाळले? तो माणूस सापडला की त्याच्या शेजारी उभे राहावे. त्याला ढकलून त्याची जागा घेणे हा जुलूमच, मग नियत कितीही साफ असो.

बर्लिनमध्ये मुलांनी नानीला दाद दिली, त्याच फेब्रुवारीच्या १३ तारखेला पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत हिरावलेल्या पिढ्यांची माफी मागितली. ती मनापासून होती, यात आम्हाला शंका नाही. तरीही आदल्या वर्षी सुरू झालेली ती मोहीम चालूच राहिली. माफी मागणे सोपे नसतेच, पण विचारायला शिकणे त्याहून अवघड असावे.

आम्ही लिहिणारेही यातून सुटत नाही. आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांबद्दल, आमच्या घरातल्या बायकांबद्दल बाहेरच्या कुणी कळवळून लिहिले की आम्हाला टोचते. आम्हाला न विचारता आमची कीव केली, ही आमची तक्रार असते. ती खरीच आहे. पण पालावरच्या किंवा वीटभट्टीवरच्या पोराबद्दल लिहिताना आम्ही तरी काय करतो? त्याचे फाटके कपडे आम्हाला दिसतात, शेंबडे नाक दिसते, आणि कथा तयार होते. त्याची आजी कुठे होती? ती त्याला रात्री काय सांगायची? ते पोर कुणाची बढाई मारत होते? हे विचारायला आम्ही थांबलो होतो का?

यापुढे अशा पोराबद्दल लेखणी उचलताना आधी त्याच्या नानीचा पत्ता विचारावा, एवढे आम्ही स्वतःपुरते ठरवले आहे.