निष्प्रयोजन प्रवासाचे प्रयोजन

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेची सर्व स्थानके एकाच सलग फेरीत आणि कमीत कमी वेळात पालथी घालण्याची जी शर्यत काही हौशी मंडळी अनेक दशके खेळत आली आहेत, ती तत्त्वचिंतकाने विचारात घ्यावी अशी गोष्ट वरवर पाहता वाटत नाही. २७ ऑक्टोबर १९०४ रोजी सुरू झालेली ही रेल्वे अहोरात्र चालते, आणि फाटकाबाहेर पाऊल टाकले नाही तर एकाच भाड्यात हवे तितके फिरता येते. या दोन सोयींमुळे ही शर्यत तेथे शक्य झाली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील पीटर सॅमसन यांनी १९६० च्या दशकात तिचे नियम बांधून तीन वर्ग पाडले. पहिल्यात प्रत्येक मार्गावरून प्रवास घडला की पुरे होते, दुसऱ्यात प्रत्येक स्थानकावर गाडी थांबावी लागते, आणि तिसऱ्यात स्थानकावरून गाडी न थांबता निघून गेली तरी चालते. आज स्थानकांची संख्या ४७२ आहे. एवढा खटाटोप करून प्रवासी पोहोचतो कोठे, या प्रश्नाला ‘शेवटच्या स्थानकावर’ याखेरीज उत्तर नाही, आणि त्या स्थानकावर त्याचे काही कामही नसते.

नेमकी येथेच शास्त्रीय अडचण उभी राहते. कोणतीही प्रवृत्ती, अगदी अडाण्याचीही, प्रयोजनपूर्वकच असते हा मीमांसक कुमारिल भट्टांचा दंडक भारतीय दर्शनांनी जवळजवळ एकमुखाने मानलेला आहे. मग ज्या कर्माचे फळ कर्माबाहेर कोठेच दाखवता येत नाही, त्यात शहाणीसुरती माणसे प्रवृत्त का होतात, हे सांगावे लागते.

यावर सहज सुचणारे उत्तर ‘लीला’ हे होय. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात असा आक्षेप आला आहे की, ज्याला काहीच मिळवायचे उरलेले नाही ते ब्रह्म जगत् निर्माण करण्याच्या उठाठेवीत कशाला पडेल. आणि त्याला लीलेचे उत्तर देण्यात आले आहे. शंकराचार्यांनी तेथे सर्व इच्छा पुरलेल्या राजाच्या क्रीडेचा आणि श्वासोच्छ्वासाचा दृष्टांत दिला, परंतु लौकिक क्रीडेत एखादे सूक्ष्म प्रयोजन शोधून काढता येईल, ईश्वराच्या बाबतीत मात्र तेही येणार नाही, अशी पुस्तीही जोडली. ही पुस्ती शर्यतीला तंतोतंत लागू पडते, कारण हातात घड्याळ धरून विक्रमाच्या मागे धावणारा प्रवासी आप्तकाम, म्हणजे सर्व कामना पूर्ण झालेला, खचितच नसतो. गीतेतील निष्काम कर्माचा आधारही येथे फारसा टिकत नाही. तेथे प्राप्त कर्तव्याच्या फळावरील आसक्ती सोडायची असते, आणि ४७२ स्थानकांना जाणे हे तर कोणाचेच कर्तव्य नव्हे.

अधिक उपयोगी उजेड मीमांसेकडून मिळतो, आणि तोही नियमविधीच्या चर्चेतून. एखादी गोष्ट अनेक उपायांनी साधत असताना शास्त्र जेव्हा त्यांतील एकच उपाय ठरवून देते, तेव्हा त्या विधानाला नियमविधी म्हणतात. दर्शपूर्णमास या इष्टीत, म्हणजे यज्ञात, पुरोडाशासाठी, म्हणजे आहुतीच्या रोटीसाठी, भाताचे तूस काढायचे असते. ते नखांनी सोलूनही निघेल, पण शास्त्र मुसळाने कांडण्याचा नियम घालते. तूस निघणे हे कांडण्याचे दृष्ट, म्हणजे डोळ्यांना दिसणारे, फळ झाले. पण ते नखांनीही मिळत असल्यामुळे केवळ नियम पाळण्याचे वेगळे अदृष्ट फळ मानणे मीमांसकांना भाग पडले, आणि त्याला त्यांनी नियमापूर्व हे नाव दिले. या परंपरेशी कोणताही संबंध नसलेल्या बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द ग्रासहॉपर’ या ग्रंथात खेळाची जी व्याख्या मांडली, ती विलक्षण रीतीने याच जागी येऊन पोहोचते: सोपा उपाय हाताशी असताना नियमाने तो वर्ज्य करून अवघड उपाय पत्करणे, आणि तोही ती कृती शक्य व्हावी एवढ्याचसाठी, हे खेळाचे स्वरूप होय. लंडनच्या भुयारी रेल्वेवरील अशाच शर्यतीत दोन स्थानकांमध्ये पायी धावण्याची किंवा सार्वजनिक बसने जाण्याची मुभा आहे, खाजगी मोटार आणि टॅक्सी मात्र निषिद्ध आहेत. म्हणजे नखे वर्ज्य आणि मुसळ विहित, हीच ती रचना.

साम्य येथे संपते, आणि भेद अधिक बोलका आहे. यज्ञ करणाऱ्या यजमानाला स्वर्ग हवा असतो, तो नियमाच्या आधीपासून. तूस काढलेला तांदूळही पुरोडाशासाठी नियमाविना लागतोच. शर्यतीतील नियम काढून टाकले, तर मात्र सर्व स्थानकांना जाऊन येण्याची इच्छा कोणालाच उरत नाही. यज्ञात नियम फळाला अंगभूत असतो, येथे फळच नियमाचे अंग बनून राहते. त्यामुळे अपूर्वासारखी अदृष्ट शक्ती कल्पिण्याची गरज पडत नाही, आणि कुमारिलांचा दंडकही मोडत नाही, कारण प्रयोजन असतेच, फक्त ते नियमाने निर्माण केलेले असते. हे प्रयोजन कृत्रिम आहे म्हणून खोटे ठरवण्याची घाई करू नये; प्रतिष्ठा, पदवी, पदक यांपैकी कितीतरी गोष्टी याच जातीच्या असून त्यांच्यामागे धावणाऱ्याला कोणी हसत नाही.

कर्तृत्वाचा प्रश्नही या शर्यतीत तीव्र होतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे आश्रय, कर्ता, करण म्हणजे साधन, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. धावपटूच्या बाबतीत चेष्टेचा वाटा मोठा असतो, तर रेल्वेतील स्पर्धक बहुतेक वेळ नुसता बसून असतो. त्याचे कौशल्य आधीच्या आखणीत असते. सॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर त्यासाठी पीडीपी-६ हा संगणक कामाला लावला होता. रॉकअवेसारख्या टोकाला जाऊन संपणाऱ्या फाट्यावरून त्याच वाटेने परतावे लागते, म्हणून असे फाटे कोणत्या क्रमाने घ्यावेत यावर सगळी मदार असते. एवढे करूनही एखादी गाडी बोगद्यात अडकून पडली की पाचवे कारण आपला हिस्सा वसूल करते.

राहतो तो ‘सर्व’ या पदाचा प्रश्न. न्यूयॉर्कमध्ये १३ सप्टेंबर २०१५ रोजी हडसन यार्ड्स येथे एक आणि १ जानेवारी २०१७ रोजी सेकंड ॲव्हेन्यूखाली तीन स्थानके नव्याने उघडली. लंडनमध्ये २० सप्टेंबर २०२१ रोजी दोन स्थानकांची भर पडून संख्या २७२ झाली. ज्याने त्यापूर्वी सर्व स्थानके गाठली होती, त्याचे कर्म आता अपुरे ठरले काय? समग्रता ही जाळ्याचा गुणधर्म मानली, तर असा कोणताही विक्रम पुढच्या उद्घाटनापर्यंतच पूर्ण असतो, आणि पूर्णतेला मुदत घालणे हे त्या कल्पनेशी विसंगत आहे. ती नियमाचा गुणधर्म मानली, तर मात्र त्या दिवशी ‘सर्व’ म्हणून जेवढे विहित होते तेवढे घडले, आणि विधीनुसार पार पडलेल्या इष्टीला जसे नंतरच्या कोणत्याही बदलाने विकल म्हणता येत नाही, तसेच त्या जुन्या फेरीलाही म्हणता येणार नाही. नव्या स्थानकांमुळे निर्माण होतो तो नवा विधी, आणि त्याचा अधिकारी, म्हणजे तो करण्यास पात्र माणूस, नवा असतो.