भात, जव आणि दोन कीबोर्ड

समजा, कुडाळचा एक कीबोर्डवादक कोल्हापुरात वाद्यांच्या दुकानात उभा आहे. समोर दुमजली स्टँड. वरच्या मजल्यावर यामाहाचा पीएसआर-एसएक्स९००, खालच्या मजल्यावर कॉर्गचा पीए१०००. दोन्हींना ६१ पट्ट्या, दोन्हींना सात इंची टचस्क्रीन, दोन्हींत एका वेळी १२८ स्वर वाजण्याची सोय, वजन अकरा-साडेअकरा किलो आणि किंमत लाखाच्या बरीच पुढची. दुकानदाराचा तिसरा चहा आलेला आहे.

"दादा, कुठलाही घ्या. दोन्ही एक नंबर."

"तीच तर पंचाईत आहे ना भाऊ!"

अरेंजर कीबोर्ड म्हणजे एकट्या माणसाचा वाद्यवृंद. डाव्या हातानं कॉर्ड धरली की ड्रम, बास, गिटार सगळे साथीला उभे राहतात आणि उजवा हात गाण्यासाठी मोकळा होतो. गणपतीतले कार्यक्रम, जत्रा, हळदी, सगळं त्यावर निघतं. फरक शोधायचे म्हटले तर आहेत. कॉर्गची पट्टी दाबून धरल्यावर आणखी जोर दिला की स्वराला हेलकावा देता येतो, यामाहाच्या या मॉडेलात ते नाही. यामाहात ५२५ स्टाईल, म्हणजे साथीचे साचे, तयार मिळतात, तर कॉर्गवर दोन गाणी लावून एकातून दुसऱ्यात अलगद सरकता येतं. लावणीची ढोलकी हवी असेल तर ती मात्र दोन्हीकडे बहुधा पेनड्राइव्हवरूनच चढवावी लागणार. एका तासात वादकाला हे सगळं पाठ झालंय आणि निर्णय होता तिथंच आहे.

तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत अशा जागी एक गाढव उभं असतं. दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर सारख्याच गवताच्या पेंढ्या. इकडे वळायला कारण नाही, तिकडे वळायलाही नाही, म्हणून ते उपाशी मरतं. हे गाढव चौदाव्या शतकातल्या पॅरिसच्या ज्याँ ब्युरिदाँ या विद्वानाच्या नावावर खपतं, पण त्याच्या उपलब्ध लिखाणात ते सापडत नाही. त्याच्या कितीतरी आधी ॲरिस्टॉटलनं सारखाच भुकेला आणि सारखाच तहानलेला असा एक माणूस अन्नपाण्याच्या मधोमध उभा केला होता, तोही जाता जाता. त्याचा विषय निराळाच होता: पृथ्वी विश्वाच्या मध्यभागी स्थिर का राहते?

या कोड्याला पुरतं अंगावर घेतलं ते इस्लामी धर्मपंडित अल्-गझालीनं. १०९५च्या सुमारास लिहिलेल्या 'तहाफुत अल्-फलासिफा' या ग्रंथात त्याचा वाद जगाच्या उत्पत्तीविषयी आहे. तत्त्वज्ञ विचारत होते, की देवानं जग एका विशिष्ट क्षणीच निर्माण केलं असेल तर त्याच क्षणी का? सगळे क्षण तर सारखेच. गझालीनं उत्तरादाखल एका माणसापुढे दोन खजूर ठेवले. रंग, आकार, अंतर, सगळं सारखं; माणसाला खजूर हवा आहे आणि दोन्ही घेता येत नाहीत. तो एक उचलतोच. गझाली म्हणतो, इच्छाशक्ती म्हणतात ती हीच. सारख्या दोहोंतून एक वेगळं काढणं हेच तिचं काम. शंभरएक वर्षांनी कॉर्दोबाच्या इब्न रुश्दनं यावर सुरेख हरकत घेतली. त्या माणसानं या खजुराऐवजी तो निवडला असं झालंच नाही, त्यानं खाणं आणि न खाणं यांतून खाणं निवडलं. हाताला कुठला लागला हा प्रश्नच गौण.

इब्न रुश्दचं म्हणणं खजुरापुरतं पटतं. एकाच मॉडेलचे दोन खोके समोर असते तर कुडाळच्या वादकानंही जवळचा उचलला असता. पण खजूर खाल्ला की संपतो. कीबोर्ड दहा वर्षं घरात राहतो, त्याच्याशी बोटांना संसार करायचा असतो.

शिवाय हे दोन कीबोर्ड खरोखर समसमान आहेत का, हेही तपासायला हवं. त्याची युक्ती सोपी आहे. तराजूची दोन्ही पारडी अगदी बरोबरीत असतील तर एकात गुंजभर टाकलं तरी ते खाली जायला हवं. दुकानदार म्हणतो, "यामाहा घेतलात तर कव्हर फुकट." वादक हसतो, पण अडून राहतो तो राहतोच. कव्हरानं पारडं हललं नाही, म्हणजे मुळात ते बरोबरीत नव्हतंच! रूथ चँग या तत्त्वज्ञ बाईंनी २००२ साली नेमक्या अशा अवस्थेसाठी मांडणी केली: एक दुसऱ्याहून चांगलं नाही, वाईट नाही, बरोबरीचंही नाही, तरी दोन्ही एकाच पंक्तीतले. असं असेल तर स्पेसिफिकेशनचा कागद आणखी दहा वेळा वाचून काही हाती लागणार नाही.

मग माणसं काय करतात? देवावर सोडतात.

ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी, जेरुसलेमचं मंदिर उभं होतं त्या काळी, दोन बोकड आणले जात. मिश्ना या ज्यूंच्या जुन्या नियमसंग्रहाचा दंडक असा, की दोघे रूपानं, उंचीनं, किमतीनं सारखे असावेत आणि एकाच वेळी विकत घेतलेले असावेत. मग चिठ्ठ्या निघत. एक परमेश्वराला, दुसरा रानात सोडायला. त्यानंतर दोन्ही बोकडांना तांबडी दोरी बांधत, रानात जाणाऱ्याच्या डोक्याला आणि बळी जाणाऱ्याच्या गळ्याशी, कारण एरवी कोण कुठला ते ओळखू येऊ नये इतके ते सारखे. इथं सारखेपणाची अडचण वाटत नाही, तो मुद्दाम घडवून आणलाय. माणसाच्या आवडीला शिरायला फटच ठेवायची नाही. बायबलातही येशूला दगा देणाऱ्या यहूदाची रिकामी जागा भरायला योसेफ आणि मथियास अशी दोन लायक माणसं उभी राहतात, शिष्य प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकतात आणि मथियासचं नाव निघतं.

आमच्या कुडाळकराला एवढं लांब जायची गरज नाही. कोकण-गोव्यात कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या किंवा कळे चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे श्वास रोखून बघत राहतात. उजवीकडची पाकळी आधी सुटली तर होकार. बघणाऱ्याची नजर त्या क्षणी कशी असते ते एकदा पाहावं. उजवी पाकळी कडेनं जराशी उचलली जाते आणि माणूस नकळत मान उजवीकडे कलंडवतो. म्हणजे त्याला काय हवंय ते पाकळी पडायच्या आधीच त्याच्या मानेला कळलेलं असतं. कौलाचा हा उपयोग गुरवाला पक्का ठाऊक असावा, बोलून मात्र तो दाखवणार नाही.

पण कौल फार तर एवढंच सांगेल, की हा घे. न घेतलेल्याच्या बाजूनं काल जी खरी कारणं होती त्यांचं आज काय करायचं, हे तो सांगत नाही. या प्रश्नाचा जितका बारीक विचार वेदवचनांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी केलाय तितका फार थोड्यांनी केला असेल. यज्ञात पुरोडाश, म्हणजे आहुतीची पिठाची वडी, करायचा, तर एक वेदवचन तो भाताचा करायला सांगतं आणि दुसरं जवाचा. दोन्ही वचनं तुल्यबळ. दोन्ही धान्यं एकत्र करून चालत नाही. तेव्हा विकल्प: भात घ्या किंवा जव घ्या. सामान्य माणसाला वाटेल, झालं, सुटला प्रश्न. मीमांसकाच्या कपाळावर मात्र इथंच आठी पडते. त्यांच्या लेखी विकल्प हा नाइलाजाचा मार्ग, कारण त्यात आठ दोष आहेत. सतराव्या शतकातल्या आपदेवाच्या 'मीमांसान्यायप्रकाशा'तही विकल्प टाळण्याचं कारण म्हणून हे आठ दोष येतात. (या आपदेवाचं घराणं पैठणच्या एकनाथांपर्यंत जातं असं मानतात.)

ते आठ मोजायचे असे. आज भात घेतला, तर जवाच्या वचनाचं जे प्रामाण्य मान्य होतं ते सोडावं लागतं आणि जे अप्रामाण्य कधी मानलं नव्हतं ते मानावं लागतं. हे दोन. उद्या जव घेतला, तर सोडलेलं प्रामाण्य पुन्हा उचलायचं आणि मानलेलं अप्रामाण्य टाकून द्यायचं. हे चार. भाताच्या वचनाचेही असेच चार.

वाचायला हे किचकट, पण नवा कीबोर्ड घरी आणलेल्या कुणाच्याही तोंडून हेच ऐकू येतं. "पट्टीला जोर देऊन काय करायचंय, जत्रेत कोण ऐकतंय?" हा पहिला दोष. परवापर्यंत त्याच जोरासाठी हा माणूस दुकानात बोटं झिजवत होता. तीन वर्षांनी दुसऱ्या कंपनीचा घेतला की तोच म्हणणार, "पट्टीला जोर देता येत नाही ते वाद्य कसलं?" खोटं तो दोन्ही वेळा बोलत नाही. दोन खरी कारणं एका वेळी सांभाळता येत नाहीत म्हणून एकाला गप्प बसवतो एवढंच.

मीमांसक याच्याही पुढे जातात. भात घेऊन यज्ञ सुरू केला आणि मध्येच भात नासला किंवा संपला, तर काय करायचं? कुणीही म्हणेल, जव आहेच की, वेदानं त्यालाही मान्यता दिली आहे. मीमांसेचं उत्तर: नाही. एकदा भात धरला की जव मागे पडला. आता भातासारखं जे असेल ते शोधा, म्हणजे नीवार. आपल्याकडचं देवभात ते हेच, न नांगरलेल्या जमिनीत पाणथळीला आपोआप उगवणारं, ऋषिपंचमीला आठवण येते ते. एरवी जव विधीनं सांगितलेला आणि देवभात रानटी. पण सुरू झालेल्या यज्ञात देवभाताचा मान वरचा.

अरेंजरवाल्यांना ही मीमांसा न शिकता येते. रजिस्ट्रेशन म्हणजे गाण्यागणिक साठवलेली स्टाईल, आवाज आणि लय यांची मांडणी. शे-दोनशे गाण्यांची अशी मांडणी वर्षभर रात्री जागून केलेली असते आणि ती एका कंपनीची दुसऱ्या कंपनीच्या कीबोर्डात उघडत नाही. बोटांचंही तसंच. गायिका स्टेजवर येऊन आपली पट्टी सांगत हळूच "काळी चार" म्हणते, तेव्हा सूर वर-खाली सरकवणारं ट्रान्सपोजचं बटण शोधायला खाली बघायचं नसतं. फिल-इन कुठे, एंडिंग कुठे, हे हाताला अंधारात ठाऊक असावं लागतं.

तर समजा, त्या वादकानं शेवटी दोहोंतला एक घेतला. कुठला, ते इथं महत्त्वाचं नाही. दोन वर्षांनी मार्गशीर्षात मालवणकडच्या एका जत्रेत जनरेटरचा झटका बसून तो बंद पडला. कार्यक्रमाला दीड तास. सावंतवाडीच्या मित्राला फोन लावला. मित्र म्हणाला, "माझा नवाच घेऊन येतो, तुझ्यापेक्षा भारी आहे." तो होता दुसऱ्या कंपनीचा.

"तो नको रे. तुझा तो जुना, माझ्याच कंपनीचा, माळ्यावरचा, चालू आहे ना?"

"अरे, त्याचे दोन आवाज फुटतात. तुझी रजिस्ट्रेशन पण सगळी उघडायची नाहीत त्यात."

"असू दे. तोच आण."

तासाभरात मोटारसायकलवर मागे चादरीत गुंडाळलेला जुना कीबोर्ड आला. धूळ पुसायला वेळ नव्हता. गायिकेनं माईक हातात घेतला, मागे वळून "पांढरी चार" म्हटलं. वादकाचा हात बटणाकडे गेला, डोळे तिच्याकडेच होते.