वेताळाची शेवटची गोष्ट

भारनियमनाच्या दिवसांत परळीत लाइट गेली की आमची गल्ली माळवदावर जमायची. लांब थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्यांवरचे लाल दिवे, बाकी सगळा काळोख. मग मामा चकव्याच्या गोष्टी सांगायचे. चकव्यात सापडलेला माणूस रात्रभर वाट शोधत फिरतो आणि उजाडल्यावर बघतो, तर स्वतःच्याच शेताला फेऱ्या घालत होता. आम्ही पोट धरून हसायचो. पण मग एकट्यानं खाली जायची कुणाची छाती व्हायची नाही.

'डरना मना है' (२००३) पाहताना ते माळवद आठवलं. प्रवाल रामन यांच्या या चित्रपटात जंगलात अडकलेले मित्र एकमेकांना सहा गोष्टी सांगतात. एकीत स्वस्त सफरचंदं खाणाऱ्या माणसांचीच सफरचंदं होतात. दुसरीत एक हॉटेलवाला सिगारेट ओढणाऱ्यांचे मुडदे पाडतो, तेही त्यांच्याच तब्येतीच्या काळजीनं! अडीच तासांच्या भयपटात आपला जीव नायिकेत गुंततो, तिला वाचवावंच लागतं. वीस मिनिटांच्या गोष्टीवर ती जबाबदारी नसते. तिथं माणसाची एकच खोड आपल्याला कळते, आणि शिक्षा त्या खोडीच्या मापानं बेतलेली असते. ती इतकी चपखल बसते की हसू येतं. त्या हसण्यात ओळख असते. ही खोड आपल्यातही आहे, हे मनाला आधीच ठाऊक असतं.

आपल्याकडे भय आणि हसू यांची ही जोडी फार जुनी आहे. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत. एका गोष्टीत घाईगडबडीत बाई नवऱ्याचं मुंडकं भावाच्या धडावर बसवते आणि भावाचं नवऱ्याच्या. दोघंही जिवंत होतात. आता नवरा कोणता? असलं भेसूर हसू आजही कुणाला सहज जमत नाही.

पण मला खरा जीव वाटतो तो या गोष्टींना बांधणाऱ्या दोऱ्यात. वेताळाच्या गोष्टी ऐकणारा राजा सुरक्षित नाहीच. ज्या साधूसाठी तो वेताळ शिरलेलं प्रेत वाहतोय, तो त्याचाच बळी द्यायला टपलाय. 'डेड ऑफ नाइट' (१९४५) या इंग्रजी चित्रपटात इतरांच्या गोष्टी ऐकत बसलेला वास्तुविशारद अखेर त्याच गोष्टींमध्ये सापडतो. 'डरना मना है'मधले मित्रही एकेक करून जातात. ऐकणं हेही त्या गोष्टीत पाऊल टाकणंच असतं.

मामांना हे कुणी शिकवलं नव्हतं. पण त्यांची शेवटची गोष्ट नेहमी आमच्याच जिन्यावर घडायची.