वाघाच्या नावाची मुलगी

बाराव्या शतकाच्या अखेरीस जपानच्या किनाऱ्यावर, ओइसो या गावी, तोरा नावाची एक नर्तकी होती. तोरा म्हणजे वाघ. वाघाच्या वर्षी, वाघाच्या दिवशी आणि वाघाच्याच प्रहरी ती जन्मली, म्हणून हे नाव पडले, असे आख्यायिका सांगते. तिचा प्रियकर सोगा जूरो वडिलांच्या खुनाचा सूड घ्यायला गेला आणि ११९३ साली फुजी पर्वताच्या पायथ्याशी मारला गेला. तोराने संन्यास घेतला. चांद्र पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या अठ्ठाविसाव्या दिवशी, म्हणजे जूरोच्या मृत्यूच्या तिथीला पाऊस आला, की जपानी कवी त्याला 'तोराचा पाऊस' म्हणतात. आठ शतके एक मुलगी वाघाचे नाव घेऊन रडते आहे आणि त्यात विसंगती आहे असे तिथे कुणाला वाटले नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

तोरा एकटी नव्हती. मेजी काळात, म्हणजे १८६८ ते १९१२ या वर्षांत, जपानी घरांतून तोरा, कुमा, त्सुरु, कामे अशा हाका सर्रास ऐकू येत. वाघ, अस्वल, क्रौंच, कासव. बारा वर्षांच्या चक्रात प्रत्येक वर्षाला एक प्राणी नेमलेला असतो, ते एक कारण. दुसरे अधिक हळवे आहे. क्रौंच हजार वर्षे जगतो आणि कासव दहा हजार, अशी समजूत असल्याने नावातच आयुष्य मागितले जाई. सेनानी हिदेयोशीला उतारवयात मुलगा झाला, त्याला त्सुरुमात्सु म्हणत. त्या नावात क्रौंचही होता आणि दीर्घायुषी पाइन वृक्षही. ते लेकरू १५९१ साली, तिसरे वर्ष पुरे होण्याआधीच गेले. पुढचा मुलगा जन्मला तेव्हा हिदेयोशीने त्याला 'हिरोई', म्हणजे रस्त्यावरून उचललेला, असे हाकारले. आपल्याकडे मुले जगत नसली की आई दगडू, धोंडू, केरू अशी नावे ठेवी, त्यातलाच हा जीव तोडून केलेला नवस.

आता कोल्हापुराकडे येऊ. इथे प्राणी नावात आहेतच, पण वाटणी पाहा. खेळणा किल्ला, म्हणजे आजचा विशाळगड, घोरपडीच्या मदतीने सर केल्याची परंपरा सांगतात आणि तिथून घोरपडे हे आडनाव आले. सेनापती संताजी त्याच घराण्यातले. शाहू महाराजांनी वडिलांच्या स्मरणार्थ जयसिंगपूर वसवले, त्या नावात सिंह आहे. तालमीत घाम गाळलेल्या श्रीपती खंचनाळे यांनी १९५९ साली पहिला हिंदकेसरी होण्याचा मान मिळवला, तोही सिंहच. घरोघरी जयसिंग, उदयसिंह, शार्दूल आहेत. आणि मुलींना? मैना, कोकिळा, साळू, हंसा, हरिणी, मयुरी. गोड नावे आहेत, माझ्या आवडीचीही आहेत. पण गळा, चाल आणि डोळे यांपलीकडे आपण त्या प्राण्यांकडून लेकीसाठी काही मागितलेले नाही.

हे ज्या गावात घडते तिथे गाभाऱ्यात अंबाबाईच्या मागे दगडी सिंह उभा आहे. १७०० साली राजाराम महाराज गेल्यावर सात वर्षे औरंगजेबाशी झुंज चालू ठेवणाऱ्या ताराराणी याच करवीरच्या गादीच्या संस्थापक. कावळा नाक्यावर त्यांचा घोड्यावरचा पुतळा आहे. सह्याद्रीच्या घाटाघाटांत वाघजाईची ठाणी आहेत. देवीला वाघ चालतो, राणीला घोडा चालतो. पाळण्यातल्या पोरीला मात्र चिमणीच.

जपानला मी डोक्यावर घेत नाही. तिथेही भय आहेच. साठ वर्षांतून एकदा येणाऱ्या अग्निअश्वाच्या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते, नवऱ्याला मारक ठरते, अशी समजूत होती. १९६६ हे तसे वर्ष; त्या वर्षी जपानमधले जन्म आदल्या वर्षापेक्षा सुमारे पाव हिश्श्याने घटले. आधुनिक, सुशिक्षित देशात! आपल्याकडच्या कडक मंगळाच्या पोरीला हे वेगळे सांगायला नको. तोरा, कुमा ही नावेही आता तिथे मुलींना क्वचितच ठेवतात. दणकट मुलीची धास्ती कुठेच पुरती गेलेली नाही, म्हणून तर ज्यांनी लेकीला वाघ म्हटले त्या जुन्या आयाबापांचे मला अधिक कौतुक वाटते.

२०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. प्रतीक्षा बागडी जिंकली आणि पदवी तीच राहिली, केसरी. आखाड्याने जे दिले ते बारशालाही देता येईल. आत्याबाई, पाळण्यापाशी वाकून कानात 'कुर्र' करण्याआधी नावांच्या यादीत एखादी वाघजाई, एखादी सिंहिणी जरूर धरा. घरातली मंडळी हसतील, त्यांना हसू द्या.