अधिकार कामापुरता

सिंदखेडराजा–मेहकर रस्त्यावरच्या दुसरबीडसारख्या गावात खरिपात पीकविम्याचे अर्ज सुरू झाले की सेवा केंद्रापुढे रांग लागते. आधार, सातबारा, पासबुक, सगळं एकाच संगणकातून जातं. अंगठ्याचं यंत्र अडलं की फोनवरून कुणी सांगतं, ‘कमांड प्रॉम्प्ट रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करा आणि मी पाठवलेली ओळ चिकटवा.’ यंत्र चालू होतं, रांग सरकते. त्या क्षणी कुणाच्या हाती काय दिलं, हे विचारायला कुणाला सवड नसते.

२००७ साली घरोघरी आलेल्या व्हिस्टापासून विंडोज प्रशासकाच्या खात्यालाही एरवी साध्या अधिकारांवरच चालवतं. परवानगीची चौकट येते, आपण ‘होय’ म्हणतो, तेव्हा पूर्ण अधिकार मिळतात. मिळतात ते त्या काळ्या खिडकीला, आणि तिच्यातून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला. नवं खातं उघडणं, फायरवॉल बंद करणं, ही मग एकेका ओळीची कामं. ओळ कुणी लिहिली, कोणत्या हेतूनं लिहिली, हे संगणक पाहत नाही. जमिनीच्या एका व्यवहारापुरतं मुखत्यारपत्र आणि कुलमुखत्यारपत्र यांतला फरक आपल्या शेतकऱ्याला पक्का ठाऊक असतो. दुसऱ्यावर तो सहजासहजी सही करत नाही. दिवसभर प्रशासक म्हणून चालणारा संगणक हे न वाचता दिलेलं कुलमुखत्यारपत्रच आहे.

प्रत्येक प्रोग्रामला कामापुरताच अधिकार द्यावा, हे तत्त्व संगणकशास्त्रज्ञ सॉल्टझर आणि श्रोडर यांनी १९७५ मध्येच स्वच्छ मांडलं होतं. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठात युनिक्ससाठी ‘सुडो’ तयार झालं. रूटचा, म्हणजे युनिक्समधल्या सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड वाटत न बसता अमक्याला अमकाच हुकूम चालवू द्यावा, अशी सोय त्यात आहे. कुणी काय चालवलं याची नोंदही राहते. मला ही नोंद अधिकाराइतकीच मोलाची वाटते. अर्थात राखणदारही चुकतो: २०११ पासून सुडोत दडलेली एक चूक जानेवारी २०२१ मध्ये उघड झाली, आणि तिच्या आधारे साधा वापरकर्ताही रूट होऊ शकत होता.

साधं खातं वापरलं म्हणजे सगळं सुरक्षित झालं असंही नाही. शेतकऱ्यांची कागदपत्रं त्याच खात्याच्या फोल्डरमध्ये असतात; ती चोरायला किंवा पुसायला प्रशासक व्हावं लागत नाही. म्हणून काम संपलं की आधारच्या प्रती पुसून टाकणं, आणि जे ठेवायचंच आहे त्याची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क संगणकापासून अलग ठेवणं गरजेचं आहे. रोजचे अर्ज साध्या खात्यातून भरावेत, प्रशासकाचं खातं वेगळं ठेवून यंत्र बसवण्यापुरतंच उघडावं. याला खर्च काही नाही. फोनवरच्या माणसाला ‘ही ओळ नेमकं काय करते, ते आधी सांगा’ असं विचारायला दोन मिनिटं जास्त लागतील, आणि रांगेतल्या माणसांचे कागद पणाला लागलेले असताना ती दोन मिनिटं थांबायला त्यांचीही हरकत नसावी.